खिडकीच्या लाकडी उंबऱ्याची दुरुस्ती (पुणे)

जुन्या घरातील खिडकीच्या चौकटीचे तळचे आडवे लाकूड (उंबरा, बोलण्यात ‘खालची पट्टी’ किंवा ‘सिल’) कुजल्यावर खराब भाग काढून तेथे नवे लाकूड जोडणे किंवा सबंध उंबरा बदलणे. पुण्यात हे काम मुख्यतः कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण इ. पेठांतील वाड्यांत आणि डेक्कन जिमखाना, एरंडवणे या भागांतील जुन्या बंगल्यांत निघते.

लाकूड : उंबरा बहुधा सागाचा (टेक्टोना ग्रँडिस) असतो. हा साग कोठून आला याविषयी एकवाक्यता नाही. शनिवारवाड्यासाठी (१७३०–३२) साग जुन्नरच्या जंगलांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून व चुना जेजुरीहून आणल्याचे परंपरेने सांगितले जाते. पण पेशव्यांच्या वाड्याचा पुरवठा आणि पेठेतल्या सामान्य घराचा पुरवठा एकच होता, असे त्यावरून ठरत नाही. दुसरीकडे, कोणत्याही जुन्या सागाला ‘बर्मा टीक’ म्हणण्याची पुण्यात रीत आहे. विकणारे तर हटकून तसे म्हणतात. ब्रह्मदेशातील (आताचा म्यानमार) तेनासेरीम प्रांत इंग्रजांकडे १८२६ मध्ये आला आणि त्यानंतर तेथील मोलमीन बंदरातून सागाची निर्यात वाढली. बोरघाटातील लोहमार्ग मात्र १८६३ मध्ये पूर्ण झाला. तोपर्यंत मुंबईत उतरलेले जड लाकूड पुण्यास पोहोचायचे, तर बैलगाडीने घाट चढावा लागे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील किंवा त्याआधीच्या वाड्यात ब्रह्मी साग मोठ्या प्रमाणात असणे संभवनीय वाटत नाही. तेथील लाकूड सह्याद्रीच्या परिसरातले मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बंगल्यांबाबत ब्रह्मी सागाचा दावा मान्य होण्यासारखा आहे. दोन्ही लाकडे एकाच जातीच्या वृक्षाची असल्याने नुसत्या डोळ्यांनी फरक सांगणे धोक्याचे. दुरुस्तीच्या दृष्टीने या वादाला फारसे महत्त्व नाही. तेथे पाहायचे ते मध्यकाष्ठ (खोडाच्या गाभ्याचे लाकूड) किती व रसकाष्ठ (सालीलगतचे लाकूड) किती एवढेच, कारण सागाचे रसकाष्ठ कोणत्याही देशीचे असो, लवकर कुजते.

नदीकाठच्या पेठांतील तळमजल्यांवरील चौकटींचे वय ठरवताना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर ध्यानात घ्यावा लागतो. घर जुने असले तरी या चौकटी पुरानंतर बसवलेल्या असू शकतात.

कुजण्याची कारणे : लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला, की बुरशीला वाव मिळतो. पुण्याचा पाऊस कोकणाच्या मानाने कमी असला, तरी नैर्ऋत्य-पश्चिमेच्या वाऱ्याने तो खिडकीवर आडवा येतो. म्हणून पश्चिमेकडील उंबरे आधी जातात. कूज बहुधा मधून सुरू होत नाही. उभ्या बाजूचे कुसू (खाचेत बसवायचे निमुळते टोक) उंबऱ्यात बसते त्या सांध्यापासून, म्हणजे जेथे लाकडाचे आडवे कापलेले टोक उघडे असते व पाणी शोषून घेते तेथून, ती सुरू होते. मूळच्या चुन्याच्या गिलाव्याजागी सिमेंटचा गिलावा केला, की भिंतीत मुरलेले पाणी सहजी बाहेर पडत नाही व ते लाकडात उतरते. ऑइल पेंटचे थरावर थर, उंबऱ्यावर कायमच्या ठेवलेल्या कुंड्या आणि खालच्या अंगाची रंगाने बुजलेली पाणखाच (पाणी भिंतीकडे न जाता खाली ठिबकावे म्हणून कोरलेली खाच) यांनी त्यात भर पडते.

वाळवीचे नुकसान वेगळे ओळखावे. वाळवी वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतून तंतूंच्या दिशेने खाते व मातीच्या नळ्या मागे ठेवते. बुरशीमुळे होणाऱ्या तपकिरी कुजीत लाकडाला चौकोनी भेगा पडतात व ते बोटांनी चुरडते. दोन्ही एकत्र असणेही विरळ नाही.

दुरुस्ती : टोच्याने किंवा पटाशीच्या टोकाने टोचून मऊ भाग कोठवर गेला ते पाहतात आणि त्यापुढे थोडे निरोगी लाकूडही काढतात. नवा तुकडा तिरकस सांध्याने बसवतात. सांध्याची रेघ बाहेरच्या बाजूस उतरती हवी, नाहीतर पाणी सांध्यातच साठते. तंतूंची दिशा जुन्या लाकडाशी जुळवावी. सागात नैसर्गिक तेलकटपणा असल्याने सरस लावण्यापूर्वी पृष्ठभाग अॅसिटोनने पुसतात. हे टाळल्यास जोड सुटण्याची शक्यता वाढते. साधा पांढरा सरस बाहेरच्या कामास पुरत नाही, जलरोधक सरस किंवा इपॉक्सी लागते. स्क्रू पितळी वा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. लाकूड भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून किंवा पाडलेल्या वाड्यांच्या जुन्या मालातून मिळते. जुना माल आधीच पुरता वाळलेला असल्याने छोट्या ठिगळास तोच बरा. खिळे मात्र आधी काढून घ्यावेत, नाहीतर रंध्याची धार जाते.

कुजका भाग न काढता त्यात पातळ इपॉक्सी जिरवून तो कडक करावा की नाही, हा वादाचा मुद्दा आहे. अनुकूल पक्षाचे म्हणणे असे, की मूळ कोरीव लाकूड जास्तीत जास्त टिकते. प्रतिकूल पक्ष म्हणतो, की कडक झालेला भाग व शेजारचे लाकूड हवामानानुसार सारखे फुगत-आक्रसत नाहीत, मध्ये फट पडते व पाणी तेथेच अडकते. आयकोमॉस या वारसास्थळांच्या जतनासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९९ च्या ऐतिहासिक लाकडी वास्तूंविषयीच्या तत्त्वांत इपॉक्सीसारखी आधुनिक द्रव्ये अत्यंत सावधपणे वापरावीत असे म्हटले आहे. ही तत्त्वे २०१७ मध्ये दिल्लीच्या अधिवेशनात सुधारून स्वीकारण्यात आली. उंबरा सतत भिजणारा असल्याने येथे लाकडाची जोड श्रेयस्कर. विश्रामबागवाड्यासारख्या (१८०७) कोरीव कामाच्या दर्शनी भागाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

बुरशीवर बोरॅक्स व बोरिक अॅसिडचे द्रावण चालते, पण ते पावसाने धुऊन जात असल्याने वर रंग हवाच. रंगाआधी खिळ्यांची भोके व बारीक फटी लांबीने (पुट्टीने) भरतात. जवसाचे तेल किंवा प्रायमर उंबऱ्याच्या खालच्या अंगालाही लावावे. कामगार बहुधा तेच विसरतात. वरच्या पृष्ठास बाहेर उतार व खाली, कडेपासून थोडी आत, पाणखाच ठेवतात.

लाकूड सर्वांत कोरडे असते ते मार्च ते मे या काळात, म्हणून काम तेव्हा काढावे. प्रत्यक्षात सुताराला बोलावणे जाते ते खोलीत पाणी आल्यावर, जूनमध्ये.

पर्याय व नियम : अनेक ठिकाणी लाकडी उंबऱ्याऐवजी कडप्पा किंवा ग्रॅनाइटची फरशी बसवतात. ती कुजत नाही; परंतु उभ्या चौकटीचे तळ तिच्यावर थेट टेकवल्यास फरशीवर थांबलेले पाणी ते शोषतात आणि कूज वर सरकते. महापालिकेच्या वारसा यादीतील वास्तूंत दर्शनी भाग बदलण्यास पूर्वपरवानगी लागते. भाड्याच्या घरात, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकाची असते. नोटीस देऊनही त्याने दुर्लक्ष केल्यास भाडेकरूस दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. या वजावटीस वर्षाच्या भाड्याच्या प्रमाणात मर्यादा आहे, आणि पेठांतील जुनी भाडी पाहता तेवढ्यात सागाचा एक तुकडाही येणे कठीण.