कीपरचा हात रेषेच्या आत होता की बाहेर?

१७ मे २०२५, शनिवार, रात्रीचे नऊ. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांच्या बाद स्पर्धेची, फायनल सुरू झाली आणि नेरूळच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही मित्रमंडळी टीव्हीसमोर ठाण मांडून बसलो. मँचेस्टर सिटीचे चाहते मोजकेच होते. बाकीचे आर्सेनलवाले, लिव्हरपूलवाले, युनायटेडवाले; पण सिटी हरावी एवढ्याच इच्छेपोटी ते सगळे त्या रात्रीपुरते क्रिस्टल पॅलेसचे झाले होते. पहिल्या हाफमध्येच एबेरेची एझेने गोल करून पॅलेसला आघाडी मिळवून दिली. थोड्या वेळाने सिटीकडून एक लांब पास आला, एर्लिंग हालँड त्याच्यामागे सुटला. पॅलेसचा कीपर डीन हेंडरसन धावत बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोरच्या ज्या आयतात कीपरला हात वापरता येतो त्याच्या, टोकाशी आला आणि त्याने हाताने चेंडू बाजूला ढकलला. रेफ्रीने शिटी वाजवली नाही. खेळ चालूच राहिला.

आमच्या खोलीत मात्र एकच गलका. "अरे, हात बाहेर होता!" "पाय बघ की त्याचे, आतच आहेत." "पायाचा काय संबंध?" "रेड आहे रे, सरळ रेड!" व्हीएआर म्हणजे व्हिडिओ तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी प्रसंग पाहिला आणि रेड कार्ड, म्हणजे मैदानाबाहेर हकालपट्टी, द्यायचं नाही असं ठरलं. पुढे त्याच हेंडरसनने ओमर मार्मूशची पेनल्टी अडवली, पॅलेस १-० ने जिंकला आणि क्लबच्या इतिहासातला पहिला मोठा चषक त्यांच्या हाती आला. आमच्यातल्या सिटीवाल्यांनी हा निकाल आजही मान्य केलेला नाही.

अशा भांडणात एक गोष्ट नेहमी घडते. तीन वेगवेगळे प्रश्न एकाच दमात विचारले जातात. हात चेंडूला नेमका कुठे लागला? कीपरने तो मुद्दाम लावला का? आणि लावला नसता तर गोल झाला असता का? पहिला प्रश्न मोजमापाचा, दुसरा माणसाच्या मनाचा आणि तिसरा तर न घडलेल्या गोष्टीचा. या तिन्हींत आपले डोळे चुकतात, पण प्रत्येक ठिकाणी निराळ्या कारणाने. कॅमेराही चुकवतो आणि स्लो मोशनमधला रिप्ले तर एका प्रश्नाला मदत करता करता दुसऱ्याचं उत्तर बिघडवतो.

आधी नियम पाहू. गोलरेषेपासून साडेसोळा मीटर पुढे बॉक्सची रेषा असते. तिची रुंदी जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर आणि ती रेषा बॉक्सचाच भाग धरली जाते. त्या रेषेवर एक भिंत सरळ वर गेली आहे अशी कल्पना करायची. हात आणि चेंडू यांची गाठ या भिंतीच्या कोणत्या बाजूला पडली, एवढंच पाहायचं. कीपरचे पाय कुठे आहेत याला काडीचं महत्त्व नाही. पाय आत ठेवून पुढे झेपावलेल्या कीपरने बाहेरचा चेंडू हाताने ढकलला तर तो हँडबॉल, आणि उलट पाय बाहेर असताना मागे वळून आतला चेंडू धरला तर तो बिनचूक. भिंतीबाहेर कीपर इतर दहा जणांसारखाच साधा खेळाडू.

त्या रात्री बहुतेकांना ठाऊक नव्हती अशी आणखी एक बाब होती. व्हीएआरला तेव्हा चारच बाबतीत बोलायची मुभा होती: गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि भलत्याच खेळाडूला दिलेलं कार्ड. बॉक्सबाहेरचा हँडबॉल म्हणजे फ्री किक, आणि निव्वळ फ्री किक रेफ्रीच्या नजरेतून सुटली तर व्हीएआर ती परत आणू शकत नव्हता. म्हणजे हेंडरसनच्या बाबतीत एक तर रेड, नाहीतर काहीच नाही. रेडसाठी गोलची स्पष्ट संधी हिरावली गेली पाहिजे आणि ते ठरवताना गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, चेंडू ताब्यात येण्याची शक्यता आणि बचावपटूंची संख्या व जागा हे चारही मुद्दे बघतात. हालँड गोलकडे नव्हे, बाजूला चालला होता, असं कारण तेव्हा देण्यात आलं. माझ्या मते नियमाच्या चौकटीत ते पटण्याजोगं आहे. पण चूक झालेली सगळ्यांना दिसते आणि तिची साधी फ्री किकसुद्धा मिळत नाही, ही त्या चौकटीतलीच खोट आहे आणि सिटीवाल्यांचा राग तिथपर्यंत तरी रास्त आहे.

आता पहिला प्रश्न: हात कुठे लागला? मुख्य कॅमेरा मैदानाच्या मध्यरेषेसमोर, उंचावर असतो. मैदान १०५ मीटर लांब धरलं तर मध्यरेषेपासून बॉक्सची पुढची रेषा ३६ मीटरवर येते. समजा कॅमेरा २० मीटर उंचीवर आहे आणि चेंडू जमिनीपासून अर्धा मीटर वर, बरोबर रेषेच्या डोक्यावर. कॅमेऱ्यातून निघालेली नजर चेंडूला स्पर्शून पुढे जाते आणि गवताला टेकते ती मैदानाच्या लांबीत मोजलं तर ३६.९ मीटरवर. म्हणजे पडद्यावर तो चेंडू रेषेच्या जवळजवळ एक मीटर आत, गोलच्या बाजूला दिसतो. पाऊण मीटर बाहेर झालेला हँडबॉलसुद्धा या कॅमेऱ्यातून आत झाल्यासारखा वाटेल.

मग रिप्ले गोलमागच्या कॅमेऱ्यातून दाखवतात आणि सगळं उलटं होतं. हा कॅमेरा गोलरेषेच्या १५ मीटर मागे, ८ मीटर उंचीवर आहे असं धरू. तोच चेंडू आता रेषेच्या दोन मीटर बाहेर पडलेला दिसेल. एकच क्षण, दोन कॅमेरे, दोन परस्परविरोधी उत्तरं, आणि खोटं कुणीच बोलत नाही. सोफ्याच्या एका टोकाचा माणूस पहिल्या रिप्लेवर अडून बसतो, दुसरा दुसऱ्यावर. याला दृष्टिभेद म्हणतात. आकाशातल्या ताऱ्यांचं अंतर खगोलशास्त्रज्ञ याच भूमितीने मोजतात.

मला हे आकडे कागदावर पटले, तरी डोळ्यांनी पाहावंसं वाटलं. आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाड्यांसाठी पांढरे पट्टे मारलेले आहेत. भाच्याला एका पट्ट्यापासून पाऊलभर मागे उभं केलं आणि फुटबॉल दोन्ही हातांत धरून गुडघ्याच्या उंचीवर, पट्ट्याच्या वर आणायला सांगितलं. चार पावलांवरून, डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून एका बाजूने फोटो काढला आणि मग पलीकडच्या बाजूने. पहिल्या फोटोत चेंडू पट्ट्याच्या पलीकडे सव्वा-एक मीटर तरी सरकलेला, दुसऱ्यात तेवढाच उलट दिशेला. दोऱ्याला गाडीची किल्ली बांधून चेंडूखाली ओळंबा सोडला, तर किल्ली पट्ट्याच्या मधोमध टेकत होती. भाचा म्हणाला, "मामा, मी हात हलवला नाही हं!" नव्हताच हलवला.

या भूमितीतून एक उपयोगाची गोष्ट निघते. कॅमेरा किंवा प्रेक्षक जितका उंच, तितकी ही चूक कमी. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी १७ वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची फायनल झाली. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. तिथे मध्यरेषेसमोर मैदानालगत, डोळे ५ मीटर उंचीवर ठेवून बसलेल्या माणसाला वरच्या उदाहरणातला चेंडू चार मीटर सरकलेला दिसेल. तिथूनच ३० मीटर उंचीवर बसलेल्याला तो ६० सेंटिमीटरच सरकलेला दिसेल. मैदानाजवळच्या सीटवरून खेळाडूंचे चेहरे छान दिसतात, पण रेषेचा वाद सोडवायचा तर सर्वात वरच्या रांगेतल्या माणसाला विचारावं. त्याहून बरा साक्षीदार एकच, बॉक्सच्या रेषेच्या अगदी सरळ रेषेत उभा असलेला. लाइन्समनने तिथे असावं असं आपल्याला वाटतं. पण ऑफसाइड, म्हणजे पास घेणारा खेळाडू बचावपटूंच्या पुढे तर नाही ना, हे पाहायचं म्हणून तो साधारणपणे शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या सरळ रेषेत धावत असतो आणि कीपर अचानक पुढे येतो तेव्हा ती जागा बॉक्सच्या रेषेपासून बरीच दूर असू शकते.

वेळेचीही अडचण आहेच. सेकंदाला ५० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये २० मिलिसेकंदांची फट असते. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा चेंडू, म्हणजे अगदी साधा पास, तेवढ्यात २० सेंटिमीटर जातो. रेषा १२ सेंटिमीटरची. स्पर्शाचा खरा क्षण दोन चित्रांच्या फटीत हरवू शकतो, आणि आपण ज्या चित्रावर व्हिडिओ थांबवून भांडतो ते त्याच्या आधीचं किंवा नंतरचं असतं.

मैदानावरच्या रेफ्रीला तर थांबवायची सोयच नसते. डोळ्यांनी टिपलेलं मेंदूपर्यंत पोचायला आणि त्याचा अर्थ लागायला वेळ जातो. १९९४ साली रोमी निजहावन या संशोधकाने दाखवलेला एक परिणाम इथे लागू पडतो. सरकत्या वस्तूच्या अगदी शेजारी क्षणभर दिवा चमकवला, तर सरकती वस्तू दिव्याच्या पुढे गेलेली भासते. कीपरचा स्पर्श हा असाच एक क्षणिक चमकारा आहे आणि चेंडू ही सरकती वस्तू. स्पर्शाच्या क्षणी चेंडू कुठे होता असं रेफ्रीला विचारलं, तर तो प्रामाणिकपणे जरा पुढची जागा दाखवण्याचा संभव आहे. ऑफसाइडच्या चुकीच्या निर्णयांमागे हेही एक कारण असावं, असं काही संशोधकांनी मांडलं आहे.

आता दुसरा प्रश्न, हेतूचा. आम्ही त्या रात्री तो रिप्ले पुन्हा पुन्हा, अगदी संथ करून पाहिला. जितका संथ, तितका कीपर दोषी वाटत गेला. हात पुढे येतोय, येतोय, रेषा ओलांडतोय. याला आवरता आला नसता का? नसता, हे साधं उत्तर आहे. काहीतरी दिसल्यापासून स्नायू हलेपर्यंत माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला सात मीटर वेगाने धावणारा कीपर तेवढ्यात १.४ मीटर पुढे गेलेला असतो. रिप्लेमध्ये आपल्याला दिसणारा निवांत वेळ त्याच्या वाट्याला आलेलाच नसतो.

यावर २०१६ साली एक महत्त्वाचं संशोधन प्रसिद्ध झालं. युजीन करुझो आणि सहकाऱ्यांनी एका दुकानातल्या दरोड्याच्या प्रयत्नात झालेल्या गोळीबाराचं फुटेज लोकांना दाखवलं, काहींना मूळ वेगात, काहींना संथ करून. संथ पाहणाऱ्यांना गोळी झाडणाऱ्याचं कृत्य जास्त हेतुपुरस्सर वाटलं, कारण त्याच्याकडे विचार करायला वेळ होता असं त्यांना जाणवलं. पडद्यावर खरं घड्याळ दाखवूनही तो प्रभाव पूर्णपणे गेला नाही. फुटबॉलच्या रेफ्रींवरही असा प्रयोग झाला आहे. युरोपातल्या ८८ अव्वल रेफ्रींना टॅकल, म्हणजे चेंडू हिसकावण्याचे प्रसंग, दाखवले गेले आणि निष्कर्ष २०१८ साली छापून आले. फाउल आहे की नाही हे ओळखण्यात दोन्ही वेगांत फारसा फरक पडला नाही, पण संथ चित्र पाहताना त्यांनी शिक्षा मात्र जास्त कडक सुनावल्या. ज्यांचं आयुष्य यात गेलं त्यांची ही गत असेल, तर सोफ्यावरच्या आपल्यासारख्यांचं काय!

म्हणूनच व्हीएआरच्या अधिकृत कार्यपद्धतीत स्पष्ट लिहिलं आहे की संथ चित्र सर्वसाधारणपणे जागा आणि स्पर्शाचा बिंदू अशा वस्तुस्थितीसाठी वापरावं. फाउल किती जोराचा होता किंवा हँडबॉलचा गुन्हा झाला का, हे मूळ वेगात पाहून ठरवावं. ही ओळ मला त्या सबंध कार्यपद्धतीतली सर्वात शहाणी वाटते. टीव्हीवाले मात्र नेमकं उलटं करतात. कुठे लागला हे ठरवायला गैरसोयीचा कोन देतात आणि का लावला हे ठरवायला भरपूर संथ चित्र.

तिसऱ्या प्रश्नाचं तर चित्रीकरणच नसतं. हेंडरसनने हात लावला नसता तर हालँड चेंडूपर्यंत पोचला असता का, कोणत्या कोनातून मारला असता, हे कुठल्याच कॅमेऱ्यात नाही. ती रिकामी जागा आपण आपल्या पसंतीने भरतो. १९५१ साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकी विद्यापीठांमध्ये तिकडच्या फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. त्याची फिल्म नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या संघाचे प्रिन्स्टनच्या मुलांना सरासरी ९.८ नियमभंग दिसले. डार्टमथच्या मुलांना ४.३. फिल्म तीच. रेफ्रीही यातून सुटत नाहीत. २००२ सालच्या एका प्रयोगात प्रेक्षकांच्या आवाजासह टॅकल पाहणाऱ्या रेफ्रींनी, आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांपेक्षा, यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले.

तंत्रज्ञान पहिल्या प्रश्नापुरतं झपाट्याने पुढे चाललं आहे. २०२२ च्या पुरुषांच्या विश्वचषकातल्या चेंडूत सेकंदाला ५०० वेळा नोंद घेणारा सेन्सर होता. दोन नोंदींमध्ये आपला तो ताशी ३६ किलोमीटरवाला चेंडू फक्त दोन सेंटिमीटर सरकतो. २९ जून २०२४ रोजी युरो स्पर्धेत जर्मनी-डेन्मार्क सामन्यात डेन्मार्कच्या योआखिम अँडरसनच्या हाताला चेंडू लागल्याचं सेन्सरच्या आलेखात दिसलं आणि पेनल्टी मिळाली. स्पर्श झाला यावर वाद उरला नाही. तो शिक्षेच्या लायकीचा होता का, यावर नंतर बराच वाद झाला.

ठाणे-नवी मुंबईच्या टर्फवर रविवारी सकाळी होणाऱ्या स्पर्धांना हा सेन्सर परवडणारा नाही, पण खिशातला फोन आहे. अनेक फोन आता सेकंदाला २४० चित्रं घेतात. दोन चित्रांमध्ये तोच चेंडू चार-साडेचार सेंटिमीटर जातो, म्हणजे त्या ५० चित्रांच्या कॅमेऱ्यापेक्षा हे कितीतरी बरं. फोन मात्र योग्य जागी हवा: बॉक्सच्या पुढच्या रेषेच्या सरळ रेषेत, बाजूच्या जाळीला घट्ट बांधून, रेषा पडद्यावर उभी आणि मधोमध येईल असा. दोन बॉक्सना दोन फोन. वाद झाला की ती क्लिप आधी संथ लावून हात कुठे लागला ते पाहायचं. मग ती मूळ वेगात एकदाच लावायची आणि पुढचा निर्णय रेफ्रीवर सोडायचा.