बिगफूट, शिकारी आणि न झाडलेली गोळी

बिगफूट म्हणजे उत्तर अमेरिकेच्या जंगलांत राहतो असं मानला जाणारा, दोन पायांवर चालणारा केसाळ, वानरासारखा महाकाय जीव. तो पाहिल्याचं सांगणाऱ्यांत ट्रकचालक आहेत, गिर्यारोहक आहेत, सुट्टीत तंबू ठोकून राहिलेली कुटुंबं आहेत. पण चर्चा रंगते ती शिकाऱ्याच्या जबानीवर. शिकाऱ्याला अस्वल कसं चालतं ते ठाऊक असतं, हरणाचा माग काढता येतो, पहाटेच्या अंधुक उजेडात तासन्‌तास गप्प बसायची सवय असते. शहरातून आलेल्या हौशी माणसापेक्षा त्याच्या शब्दाला वजन येतं ते यामुळे. आणि त्याच्या हातात बंदूक असते. इथेच पंचाईत होते, कारण ऐकणारा विचारतोच : बंदूक होती, जनावर समोर होतं, मग ते गेलं कुठे? उत्तर अमेरिकेतल्या या कथांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे बराचसा या एका प्रश्नाच्या बदलत गेलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

सुरुवातीच्या बातम्यांत वानर नव्हतंच. 1851 मध्ये आर्कान्सा राज्यातल्या ग्रीन काउंटीत शिकारीला निघालेल्या दोघांना गुरांचा एक कळप बिथरून धावताना दिसला. मागे अंगभर केस असलेली, प्रचंड देहाची माणसासारखी आकृती होती. ती थांबली, दोघांकडे निरखून पाहिलं आणि लांब ढांगा टाकत पळून गेली. पाऊलखुणा तेरा इंचांच्या. वर्तमानपत्राने तिला ‘रानटी माणूस’ म्हटलं आणि कारणही जोडून दिलं : 1811 च्या भूकंपात त्या भागाची दाणादाण उडाली होती, त्यातून वाचून रानात राहिलेला हा कुणीतरी असावा. चाळीस वर्षं जंगलात काढली की माणसाच्या अंगावर लव उगवते, हे वाचकांनी विनातक्रार मान्य केलेलं दिसतं.

मग गोरिला आला. पाश्चात्त्य विज्ञानाने त्याची नोंद 1847 मध्ये घेतली, पण सामान्य वाचकाच्या डोक्यात तो शिरला 1861 च्या सुमारास. पॉल दु शायू हा प्रवासी गॅबॉनच्या जंगलातून मारलेले गोरिले घेऊन परतला आणि छाती बडवत अंगावर येणाऱ्या या जनावराची वर्णनं पुस्तकांतून, व्याख्यानांतून सगळीकडे पोचली. त्यानंतर अमेरिकी बातम्यांतला ‘रानटी माणूस’ हळूहळू वानराचं रूप घेऊ लागला. बिगफूटवर विश्वास ठेवणारे आजही गोरिलाचा दाखला देतात : स्थानिक लोक सांगत होते, गोरे हसत होते, शेवटी खरं निघालं ना? दाखला चांगला आहे, फक्त त्यातली एक गोष्ट सोयीस्करपणे गळते. 1847 ची ती नोंद कुणाच्या पाहण्यावर आधारलेली नव्हती, ती कवट्या आणि हाडांवर आधारलेली होती. आधी हाडं आली, थरारक गोष्टी नंतर गाजल्या.

शिकाऱ्यांच्या कथांतली सगळ्यात प्रभावी कथा 1893 ची. सांगणारा बॉमन नावाचा म्हातारा सापळेवाला, लिहून घेणारा थिओडोर रूझवेल्ट, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. बॉमन आणि त्याचा जोडीदार बीव्हर पकडायला आयडाहो–मोंटाना सीमेवरच्या एका निर्जन खिंडीत गेले होते. त्याच भागात आदल्या वर्षी एकटा फिरणारा शिकारी मेला होता. पहिल्याच संध्याकाळी परतले तर तळ उद्ध्वस्त. जोडीदाराने जळकं लाकूड हातात धरून माग तपासला आणि म्हणाला, हे अस्वल दोन पायांवर चाललंय. बॉमन हसला. मध्यरात्री उग्र दर्पाने जाग आली, आडोशाच्या तोंडाशी मोठी सावली उभी. त्याने गोळी झाडली. नेम चुकला असावा, कारण ते झाडी मोडत पळालं. निघायच्या दिवशी बॉमन उरलेले तीन सापळे आणायला गेला आणि संध्याकाळी परतला तेव्हा जोडीदार मरून पडलेला होता. अंग अजून गरम, मान मोडलेली, गळ्यावर सुळ्यांच्या चार खुणा. बंदूक तेवढी उचलून बॉमन पळत सुटला.

रूझवेल्ट स्वतः कसलेला शिकारी. त्याने गोष्ट रंगवून लिहिली, पण आधीच सांगून ठेवलं की बॉमन जर्मन वंशाचा, लहानपणी भुताखेतांच्या गोष्टींवर वाढलेला, आणि सीमेवर राहून आदिवासी वैद्यांच्या कथाही त्याने ऐकलेल्या. जोडीदाराला मारलं एखाद्या श्वापदाने असेल, त्याचं रूप मात्र मनाने घडवलं असेल, असा त्याचा रोख दिसतो. या कथेत बंदूक चालते पण उपयोगी पडत नाही, हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढच्या काळात चित्र पालटतं.

जुलै 1924 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट सेंट हेलेन्स पर्वताच्या कुशीत सोनं शोधणाऱ्या पाच जणांनी खाली येऊन सांगितलं की रात्रभर ‘वानरांनी’ त्यांच्या लाकडी खोपीवर दगडांचा मारा केला. त्या वेळच्या बातम्यांनुसार त्यांच्यातल्या फ्रेड बेकने त्याआधी एकाला गोळी घातली होती आणि ते दरीत कोसळलं होतं. म्हणजे रात्रीचा हल्ला हा सूड. बातमी देशभर गेली, लोक बंदुका घेऊन डोंगरावर चढले, हाती काही लागलं नाही. त्या घळीला मात्र ‘एप कॅन्यन’ म्हणजे वानरांची घळ हे नाव कायमचं चिकटलं. 1982 मध्ये रँट मुलेन्स नावाच्या वृद्धाने कबुली दिली की तरुणपणी मामा-काकांपैकी एकाबरोबर वरून दगड आपणच गडगडवले होते. बेकचं स्वतःचं स्पष्टीकरण त्याहून अजब आहे. 1967 साली आलेल्या पुस्तिकेत त्याने लिहिलं की हे जीव पूर्णपणे या भौतिक जगातले नाहीतच, त्यामुळे कुणालाही ते कधी सापडणार नाहीत. दरीत पडलेल्या देहाचा प्रश्न त्याने असा मिटवून टाकला.

तोवर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जे. डब्ल्यू. बर्न्स या शिक्षकाने चेहेलिस आदिवासींकडून ऐकलेल्या केसाळ महामानवांच्या कथा 1929 मध्ये एका राष्ट्रीय मासिकात छापून ‘सास्क्वॉच’ हे बिगफूटचं दुसरं नाव सर्वतोमुखी केलं होतं. त्या लोकांच्या परंपरेत तो शिकारीचा प्राणी नव्हता, अंतर राखून मान द्यायचा रानातला रहिवासी होता. त्याला डोक्यात धरूनच पुढची कथा वाचावी असं मला वाटतं.

ऑक्टोबर 1955. ब्रिटिश कोलंबियातला मायका पर्वत, दुपारचे तीन. विल्यम रो हा रस्त्याच्या कामावरचा माणूस आणि जुना शिकारी एका ओसाड खाणीकडे चालला होता. मोकळ्या जागेपलीकडे झुडपात त्याला ग्रिझली अस्वल दिसलं असं वाटलं, म्हणून तो खाली बसला. ते उघड्यावर आलं तेव्हा अस्वल नव्हतं. सुमारे सहा फूट उंच, तीन फूट रुंद, रुपेरी टोकांचे तपकिरी केस, आणि स्तन असलेली मादी. ती वीस फुटांवर येऊन उकिडवी बसली, फांदी ओढून ओठांनी पानं ओरबाडून खाऊ लागली. तिचे दात पांढरे आणि सरळ होते, हेही त्याने टिपलं. मधेच त्याच्या मनात आलं की जवळपास सिनेमाचं चित्रीकरण चाललंय की काय. वाऱ्याबरोबर त्याचा वास लागताच ती दचकली, उठली आणि खांद्यावरून मागे बघत चालू लागली. रोने बंदूक खांद्याला लावली. पुढचं त्याने 1957 मध्ये शपथेवर लिहून दिलं : हे जनावर मारून आणलं तर शास्त्रज्ञांना केवढं घबाड मिळेल, हे त्याला कळत होतं, पण ते माणूस आहे असं वाटलं आणि मारलं तर स्वतःला कधी माफ करता येणार नाही म्हणून त्याने नळी खाली केली.

घटना खरी की नाही, हे ठरवायला रोच्या शब्दापलीकडे काहीच नाही. पण कथा म्हणून ही कलाटणी मोठी आहे. बॉमनचा नेम चुकला, बेकचं सावज दरीत पडलं, रोने मात्र गोळी झाडलीच नाही. पुरावा नसण्याला पहिल्यांदाच उदात्त कारण मिळालं, आणि त्यानंतरच्या असंख्य शिकाऱ्यांनी तेच कारण सांगितलं : चेहरा फार माणसासारखा होता हो!

पुढचा टप्पा इतका चघळला गेलाय की थोडक्यात उरकतो. 1958 मध्ये कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीकजवळ रस्त्याच्या कामावर सोळा इंची पावलं उमटली, स्थानिक वर्तमानपत्राने ‘बिगफूट’ हे नाव लोकप्रिय केलं. कंत्राटदार रे वॉलेस 2002 मध्ये वारल्यावर घरच्यांनी लाकडी पावलं बाहेर काढली आणि त्या खुणा त्यानेच यांनी उमटवल्याचं सांगितलं. त्याच परिसरात 20 ऑक्टोबर 1967 रोजी रॉजर पॅटरसनने चालत्या बिगफूटची म्हणून गाजलेली ती मिनिटभराची फिल्म घेतली. सोबतच्या बॉब गिमलिनकडे रायफल होती. आधीच ठरल्यामुळे ती चालवली नाही, असं दोघांचं म्हणणं. फिल्ममधली आकृतीसुद्धा मादी आहे आणि तीही खांद्यावरून वळून बघते. पॅटरसनला रोची हकिगत चांगली माहीत होती, त्यामुळे संशय घेणाऱ्यांच्या भुवया उंचावल्या तर नवल नाही.

सावज मारून दाखवण्यापर्यंत मजल गेली ती फ्रँक हॅन्सन या जत्रेत खेळ लावणाऱ्या माणसाची. बर्फाच्या लादीत गोठवलेला केसाळ देह तो गावोगाव पैसे घेऊन दाखवत असे. डिसेंबर 1968 मध्ये बर्नार्ड ह्यूवेलमान्स आणि आयव्हन सँडरसन या प्राणिअभ्यासकांनी तो पाहिला आणि खरा मानला. 1970 मध्ये एका मासिकात हॅन्सनने लिहिलं की मिनेसोटात हरणाच्या शिकारीवर असताना आपणच त्याला मारलं. त्याआधी तो वेगळंच काही सांगत होता. संग्रहालयं चालवणाऱ्या अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने थोडी चौकशी केली आणि हा बनवलेला पुतळा आहे अशी खात्री पटल्यावर अंग काढून घेतलं.

पॅटरसनच्या फिल्मनंतर बंदूकधारी हौशांची गर्दी वाढली. माउंट सेंट हेलेन्स ज्या स्कमेनिया काउंटीत येतो, तिथल्या प्रशासनाने 1 एप्रिल 1969 रोजी अशा जीवाला मारण्यावर बंदी घातली : दहा हजार डॉलर दंड किंवा पाच वर्षं कैद. तारखेमुळे लोक हसले, पण त्यामागचं एक कारण गंभीर होतं, रानात फिरणाऱ्या खऱ्या माणसांची सुरक्षितता. 1984 मध्ये शिक्षा सौम्य झाली आणि एक कलम आलं : मृत जीव मानवसदृश असल्याचं कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, ठरवलं, तर मनुष्यवधाचा खटला चालेल. रोच्या मनातली घालमेल अशी सरकारी कागदावर उतरली.

अभ्यासकांतही यावरून तट पडले. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ ग्रोव्हर क्रांट्झ म्हणत, एक मारा आणि आणा, त्याशिवाय विज्ञान मानणार नाही. हिमालयात यतीच्या मागे फिरून आलेले माजी शिकारी पीटर बर्न मारण्याच्या विरोधात होते. बर्न यांनी 1976 मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेकडे बिगफूटचे असावेत असं वाटलेले केस तपासायला पाठवले. 2019 मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांनुसार ते हरणाच्या कुळातल्या प्राण्याचे निघाले. 2014 मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांच्या चमूने जगभरातून आलेल्या अशाच केसांची जनुकीय तपासणी केली. उत्तर अमेरिकेतल्या नमुन्यांतून अस्वल, घोडा, गाय, साळिंदर असे ओळखीचे प्राणी बाहेर पडले. क्रांट्झ यांना हवा असलेला सांगाडा मिळाला नाही. त्यांनी स्वतःचा मात्र स्मिथसोनियनला दान केला आणि तो लाडक्या कुत्र्याच्या सांगाड्यासह तिथे प्रदर्शनात मांडला गेला.

अस्वलाचा संशय शिकाऱ्यांना फार झोंबतो. आम्हाला अस्वल ओळखू येत नाही का? येतं, पण चारी पायांवरचं, उजेडातलं. काळं अस्वल मागच्या पायांवर उभं राहून वास घेतं, चार पावलं चालतंही. चालताना मागचा पंजा पुढच्याच्या खुणेवर अर्धवट पडला की एकच लांबलचक, माणसासारखं पाऊल उमटतं. आणि शिकारी नेमका पहाटे-संध्याकाळी, अपेक्षेने ताणलेला असतो. अशा अवस्थेत माणसाला हरीण समजून गोळी घातल्याच्या घटना घडतात, म्हणून तर बहुतेक राज्यांत भगवं जाकीट घालायचा नियम आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सांख्यिकी अभ्यासात काळ्या अस्वलांची संख्या जिथे जास्त, तिथे बिगफूट दिसल्याच्या नोंदीही जास्त असं आढळलं.

डिसेंबर 2018 मध्ये मोंटानात हेलेना शहराजवळ सरकारी जमिनीवर नेमबाजीची निशाणं लावणाऱ्या एका माणसाने पोलिसांत तक्रार दिली की आपल्या दिशेने कुणीतरी गोळ्या झाडल्या. झाडणाऱ्याला गाठून विचारलं तर तो म्हणाला, तुला मी बिगफूट समजलो, पुढच्या वेळी भगवं घालून ये. दोन वर्षांनी, जानेवारी 2021 मध्ये, ओक्लाहोमाच्या एका आमदाराने बिगफूटच्या शिकारीचा अधिकृत हंगाम असावा, परवाने द्यावेत असं विधेयक मांडलं, पर्यटन वाढावं म्हणून. गदारोळ झाल्यावर त्याने खुलासा केला की मारायचा विचार नाही, जिवंत पकडायचं आहे.