विश्वास आणि कुटुंब एका पारड्यात आले कधी?

ख्रिस्ती अंत्यविधीत पाळकांच्या तोंडून एक वाक्य बरेचदा ऐकू येतं: या माणसाने मागे फार काही ठेवलं नाही, पण देवावरचा विश्वास सोडला नाही आणि घर सांभाळलं. विश्वास आणि कुटुंब एका पारड्यात, पैसाअडका दुसऱ्यात. ही मांडणी पहिल्यापासूनच असणार असं वाटतं. तशी ती नव्हती. सुरुवातीची कित्येक शतकं कुटुंब बऱ्याचदा पैशाच्याच पारड्यात बसवलं जायचं.

बायबलमध्ये, लूकच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायात गर्दीतला एकजण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी करून द्यायला सांगा. येशू पंच व्हायला साफ नकार देतो आणि गोष्ट सांगतो ती एका सधन शेतकऱ्याची. पीक मावेना म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचा त्याचा बेत असतो, आणि त्याच रात्री त्याला मरणाचं बोलावणं येतं. उधळ्या पुत्राची गोष्टही वाटणीपासूनच सुरू होते. त्या काळच्या घरात नाती आणि जमीन ही दोन वेगळी खाती नव्हतीच. मार्कच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र ‘आम्ही सगळं सोडलं’ म्हणतो, तेव्हा येशूच्या उत्तरात घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुलं आणि शेतं एका दमात येतात. नात्यांची यादी संपते ती शेतांवर!

पण त्याच मार्कात, 7व्या अध्यायात, याच्या नेमका उलटा प्रसंग आहे. काही लोक आपली मालमत्ता ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेली, असं जाहीर करत आणि म्हाताऱ्या आईबापांना हात वर करून दाखवत. येशूने या पळवाटेवर कडक ताशेरे ओढले. पुढे बायबलमधल्याच तीमथ्याच्या पहिल्या पत्रात तर लिहिलं गेलं की, जो घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. म्हणजे घर सोडायचं की सांभाळायचं, हा पेच मूळ ग्रंथातच आहे. नंतरची भांडणं तिथूनच निघाली.

साधारण इ. स. 270च्या सुमारास इजिप्तमधल्या अँथनी नावाच्या तरुणाने चर्चमध्ये ‘जाऊन आपलं सर्व विक’ हे वचन ऐकलं. आईबाप नुकतेच वारले होते, पाठीवर एक धाकटी बहीण होती. वडिलोपार्जित सुपीक जमीन त्याने गावकऱ्यांना देऊन टाकली, सामान विकून पैसे गरिबांना वाटले, बहिणीपुरतं थोडं ठेवलं. मग ‘उद्याची चिंता करू नका’ हे वचन कानावर पडलं आणि तेही दिलं. बहिणीला व्रतस्थ कुमारींच्या स्वाधीन करून तो निघून गेला. पुढे मठवासी जीवनाचा आदर्श ठरलेल्या या माणसाचं चरित्र बिशप अथनेशियस यांनी लिहिलं. बहिणीला त्या दिवशी काय वाटलं, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

यावर पहिला व्यवहारी ब्रेक लावला तो उत्तर आफ्रिकेतले बिशप संत ऑगस्टीन यांनी, असं मला वाटतं. एक्दिसिया नावाच्या विवाहितेने नवऱ्याला न विचारता जवळजवळ सगळी मालमत्ता दोन भटक्या साधूंना देऊन टाकली होती. पदरात मुलगा होता. तिने कौतुकाच्या अपेक्षेने पत्र लिहिलं असेल तर तिची निराशाच झाली; ऑगस्टीन यांनी तिची चांगली कानउघाडणी केली. आयुष्याच्या शेवटी एका प्रवचनात ते म्हणाले, मुलाला बेदखल करून चर्चला वारस नेमायचं असेल तर ते दान स्वीकारायला ऑगस्टीन सोडून दुसरा कोणी शोधा. एक मुलगा असेल तर ख्रिस्ताला दुसरा समजा, दहा असतील तर अकरावा समजा आणि तेवढा वाटा द्या. वाटणीची भाषा पुन्हा आली, फक्त आता ख्रिस्त भाऊबंदांत बसला होता.

तरी त्यागाचं आकर्षण ओसरलं नाही. 1206 साली इटलीतल्या असिसीत पुढे संत झालेल्या फ्रान्सिसने बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून कापडव्यापारी वडिलांच्या स्वाधीन केले आणि म्हटलं, यापुढे माझा बाप स्वर्गातला. पैसा आणि बाप दोन्ही एकाच क्षणी परत.

खरा पालट झाला तो 13 जून 1525 रोजी जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये. मठ सोडलेले, प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांनी मठातून पळून आलेल्या काथरीना फॉन बोरा यांच्याशी लग्न केलं. रिकाम्या झालेल्या मठातच संसार थाटला. ल्यूथर हाताला येईल ते देऊन टाकणारे. बियर गाळणं, शेती, जनावरं, पैसे देऊन राहणारे विद्यार्थी हे सगळं काथरीना बघायच्या. ब्रह्मचर्याचं व्रत वरचढ आणि संसार दुय्यम ही उतरंडच ल्यूथरना मान्य नव्हती. 1529च्या, धर्मशिक्षणासाठी लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरीत त्यांनी घरातल्या मंडळींना शिकवण्याचं काम कुटुंबप्रमुखाला दिलं. मठाची जागा स्वयंपाकघराने घेतली, म्हणा ना. कुटुंब विश्वासाच्या पारड्यात आलं ते इथे, निदान प्रोटेस्टंटांपुरतं.

मग पैशाचं काय? 1760 साली छापलेल्या एका प्रवचनात मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी सूत्र दिलं: जमेल तेवढं कमवा, जमेल तेवढं वाचवा, जमेल तेवढं द्या. आधी स्वतःच्या गरजा, मग बायकोमुलं आणि नोकरचाकर, मग विश्वासातली माणसं, मग सगळे. (वेस्लींचा स्वतःचा संसार फार दुःखाचा झाला, हेही नोंदवायला हवं.) म्हातारपणी त्यांना वेगळीच काळजी लागली: धर्म माणसाला कष्टाळू आणि काटकसरी बनवतो, त्यातून पैसा येतो, आणि पैसा आला की धर्म पातळ होतो. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी भांडवलशाहीवरच्या आपल्या 1904-05च्या लेखनाच्या 1920 सालच्या सुधारित आवृत्तीत वेस्लींचा हा उतारा आवर्जून दिला.

कॅथलिक चर्चने 1964 साली, जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, कुटुंबाला ‘घरगुती चर्च’ म्हटलं. कल्पना नवी नव्हती. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जॉन क्रिसोस्टम यांनी घराला छोटं चर्च म्हटलं होतं, नवराबायकोच्या नात्यावरच्या प्रवचनात. त्याच प्रवचनात त्यांनी बजावलं होतं की, घरात ‘हे माझं, ते तुझं’ ही भाषाच नको. बायको चुकून ‘माझं’ म्हणालीच, तर नवऱ्याने म्हणावं, तुझं कुठलं म्हणतेस? माझं म्हणून काही उरलंच नाही, सगळं तुझंच आहे.