किल्ला मुलांनाच करू द्या

सहामाही परीक्षा संपली की महाराष्ट्रातली मुलं विटा, दगड, गोणपाट आणि माती गोळा करायला लागतात. दिवाळीचा किल्ला! अभ्यास संपून खेळ सुरू झाला असं मोठ्यांना वाटतं, पण चिखलात हात घातल्याबरोबर मुलांचं खूप काही शिकणं सुरू होतं.

कोरड्या मातीचा बुरूज उभा राहत नाही, बेताच्या ओल्या मातीचा राहतो आणि पाणी जास्त झालं की तोच बसतो. ओलसर मातीत कणाकणांमध्ये पाण्याचे बारीक पूल तयार होतात आणि पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आकसू पाहतो त्यामुळे, कण एकमेकांकडे ओढले जातात. फटींमधली हवा जाऊन सगळीकडे पाणीच भरलं, की ही ओढ संपते. आठ वर्षांच्या मुलीला पृष्ठताण हा शब्द ठाऊक नसतो. तरी मूठभर माती दाबून ‘अजून थोडं पाणी घाल’ हे ती अचूक सांगते.

मग पेरणी. मोहरीचे गोल दाणे उतारावरून गडगडतात. अळीव मात्र भिजले की त्यांच्याभोवती बुळबुळीत थर धरतो, आणि ते जागच्या जागी चिकटून बसतात. किल्ला भिंतीलगत असेल तर उगवलेली रोपं उजेडाकडे झुकतात, तेही मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

एवढ्यात एखाद्या काडीची तोफ झालेली असते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ साली खेळावरच्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचं उदाहरण दिलं होतं. काठी काठीच दिसते, तरी मूल तिला घोडा मानून वागतं. वस्तूपासून अर्थ सुटा करण्याची ही सुरुवात. पुढे अक्षरं नि आकडे वापरतानाही हेच लागतं.

मात्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली तोवरचं संशोधन तपासलं, तेव्हा अशा खेळामुळेच बुद्धी किंवा सर्जनशीलता वाढते असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यामुळे हुशारीची हमी मी देणार नाही. माझा आग्रह निर्णयांसाठी आहे. मावळा दरवाजापेक्षा उंच निघाला, तर दरवाजा वाढवायचा की मावळ्याला टेहळणीला बुरुजावर पाठवायचं? बाजारातून तयार किल्ला आणला, किंवा बाबांनीच थापी हातात घेतली, तर हा वाद होतच नाही. मोठ्यांनी जड विटा उचलून द्याव्यात, मातीत काच किंवा पत्रा नाही ना ते बघावं आणि बाजूला व्हावं.