व्ही बेल्ट आणि रिबचा बेल्ट: चिरा बघून बेल्ट पास करणं बंद करा

पिकअपच्या बेल्टचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, "वाकवून बघितला, एक चीर नाही, अजून वर्षभर आरामात काढेल." ऐकून वैताग येतो, कारण निम्म्या गाड्यांसाठी हे बरोबर आहे आणि उरलेल्या निम्म्यांसाठी साफ चूक, आणि सांगणाऱ्याने समोरच्या गाडीला कुठला बेल्ट आहे हे विचारलेलंच नसतं. साधा व्ही बेल्ट आणि रिबचा चपटा बेल्ट, दोन्ही काळे, दोन्ही रबराचे, दोन्ही इंजिनच्या तोंडावर फिरतात, म्हणून एकाचं ज्ञान दुसऱ्यावर खपवलं जातं. (टायमिंग बेल्ट हा तिसराच प्रकार, तो कव्हरच्या आत असतो, त्याचं इथं काही काम नाही.)

व्ही बेल्ट तुम्हाला माहीत आहे. जुन्या टाटा २०७ पिकअपला, जुन्या महिंद्रा पिकअपला, कॉम्प्रेसरला, पिठाच्या गिरणीला, मळणी यंत्राला तोच. अल्टरनेटरचा, म्हणजे आपल्या डायनमोचा, पट्टीवरचा बोल्ट ढिला करायचा, टॉमी (लोखंडी दांडी) लावून डायनमो ओढायचा, अंगठ्याने दाबून बेल्ट १०-१२ मिलिमीटर दबला की बोल्ट आवळायचा. नवा बेल्ट थोडा चालला की बसतो आणि ढिला होतो म्हणून परत एकदा ताण बघायचा, एवढं केलं की झालं. चिरा पडल्या, बाजू आरशासारखी चकाकायला लागली किंवा बेल्ट पुलीत खोल बसला की बदलायचा. यात नवीन काही नाही.

रिबचा बेल्ट म्हणजे चपटी पट्टी, तिच्या आतल्या बाजूला लांबीने धावणाऱ्या सहा-सात बारीक धारा. टोयोटा हायलक्सच्या २.८ लिटर डिझेलला असाच एक बेल्ट सगळं फिरवतो. पातळ असल्यामुळे तो उलटाही वाकतो, पाठीवरनं पुली फिरवू शकतो, त्यामुळे एकाच बेल्टवर डायनमो, एसी, पॉवर स्टिअरिंग असं सगळं येतं, आणि ताण द्यायला स्प्रिंगचा टेन्शनर असतो. हे फरक डोळ्याला दिसतात, त्यावर जास्त बोलत नाही.

गोंधळ होतो तो झीज ओळखण्यात.

आधी व्ही बेल्ट पकडतो कसा ते बघा. तो पुलीच्या तळाला टेकतच नाही, टेकायलाही नको. खाचेच्या दोन तिरक्या भिंतींमध्ये तो पाचरीसारखा रुततो, ओढ जेवढी जास्त तेवढा घट्ट, आणि सगळी पकड त्या दोन बाजूंची असते. म्हणून बाजू झिजल्या की बेल्ट खाली उतरतो, एक दिवस तळाला टेकतो, आणि टेकला की पाचर संपली, मग कितीही ताणा तो घसरणारच. पुलीचा तळ चकचकीत दिसला तर समजायचं बेल्ट तळाला लागून चालत होता. आता गंमत बघा, व्ही बेल्टमध्ये हे बाहेरून दिसतं. बेल्टची पाठ पुलीच्या काठाला समतल असायची ती काठाच्या खाली गेलेली कुणालाही कळते.

रिबच्या बेल्टमध्येही पकड अशीच, तिरक्या बाजूंची, फक्त एका मोठ्या पाचरीऐवजी सहा-सात छोट्या. झीजही तशीच होते. रस्त्याची धूळ, बारीक खडी, खाणीतली किंवा उसाच्या फडातली माती धारांच्या आणि पुलीच्या मध्ये सापडते आणि पॉलिश पेपरसारखी दोन्ही बाजू घासत राहते. धारा बारीक होतात, दोन धारांमधली खाच रुंद होते. नव्या बेल्टमध्ये पुलीच्या धारेचं टोक बेल्टच्या खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही, मध्ये थोडी मोकळी जागा राहते, आणि पाणी, धूळ बाहेर पडते ती याच जागेतून. झिजलेल्या बेल्टमध्ये ते टोक थेट तळाला टेकतं. म्हणजे व्ही बेल्ट तळाला लागल्यावर जे होतं तेच इथं सहा-सात ठिकाणी एकदम होतं, आणि सगळं बेल्टच्या पोटात, बाहेरून काही दिसत नाही. पाठ सपाट, छापलेला नंबरसुद्धा कधीकधी वाचता येतो, चीर एक नाही, आणि पट्ठ्या घसरतोय.

मग चिरा का नाहीत? कारण रबर बदललं. जुने रिबचे बेल्ट निओप्रिनचे असायचे, ते उष्णतेने कडक व्हायचे आणि धारांवर आडव्या चिरा पडायच्या, तीन इंचात तीन-चार दिसल्या की बदला हा नियम त्या काळचा आणि त्या काळी बरोबर होता. २००० च्या आसपास ईपीडीएम नावाचं रबर सगळीकडे आलं. ते उष्णता खूप जास्त सहन करतं, सहजासहजी तडकत नाही, गाडीच्या टायरसारखं नुसतं झिजत जातं. टायर किती उरला हे आपण त्यावर चिरा शोधून ठरवत नाही, नक्षीची खोली बघतो, इथंही खोलीच बघायची. आणि धारांवरचं पाच टक्के रबर गेलं तरी पकडीत फरक पडायला सुरुवात होते, आणि पाच टक्के नुसत्या नजरेला कळत नाही, कितीही अनुभवी मिस्त्री असू दे. चिरा पडलेला ईपीडीएम बेल्ट दिसलाच तर तो कधीच बदलायला हवा होता. पण चिरा नसणं ही पावती नाही.

बघायचं कसं? सगळ्यात चांगलं म्हणजे प्लास्टिकचं छोटं गेज. बेल्ट कंपन्या देतात, दुकानदाराकडे मागून बघा. त्याची बारीक दांडी धारांच्या मधल्या खाचेत लांबीने ठेवायची, ती धारांच्या वर उठून राहिली तर बेल्ट ठीक, बोट फिरवलं आणि दांडी धारांच्या बरोबरीला बसलेली लागली तर बेल्ट गेला. गेज नसेल तर नवा बेल्ट आणा, दोन्ही उलटे वाकवून धारा बाहेर काढा आणि शेजारी शेजारी धरा. नव्याची खाच अरुंद, तिचा तळ निमुळता दिसेल, जुन्याची पसरट. एकदा असं बघितलं की परत कुणी चिरांचं सांगितलं तर तुम्हीच त्याला थांबवाल.

दुसरी खूण टेन्शनरची. बेल्ट झिजून खाचेत खोल बसला की पुलीभोवतीचं त्याचं अंतर कमी होतं, म्हणजे तेवढा बेल्ट जास्तीचा उरतो, आणि टेन्शनरचा हात तो खेचायला पुढे सरकतो. बऱ्याच टेन्शनरवर दोन खुणा आणि एक काटा असतो, काटा शेवटच्या खुणेला गेला की स्प्रिंगकडे द्यायला ताणच उरलेला नसतो. इथं अंगठ्याने दाबून बघणारे लोक मला कळत नाहीत. स्प्रिंगचा टेन्शनर आहे, दाबलं तर हात सरकणारच, त्यातून काय कळणार? अंगठा व्ही बेल्टसाठी, इथं खुणा बघा.

हे एवढं लावून का धरतोय, तर रिबचा बेल्ट बहुतेक वेळा एकटाच असतो. दोन व्ही बेल्ट असलेल्या गाडीत एक तुटला तर निदान दुसऱ्यावरचं तरी चालू राहतं, इथं सगळं एकदम जातं. आणि तुटायच्या आधी तो बरेच दिवस घसरत असतो, म्हणजे चार्जिंग कमी, एसी कमी, पावसात पहिल्याच डबक्यातून गेल्यावर किंचाळी आणि स्टिअरिंग जड, कारण खाचेतलं पाणी बाहेर जायला जागाच नसते. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर माल भरून माळशेज चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा वर जातो आणि लोक रेडिएटरला दोष देतात. आणि एक गोष्ट दोन्ही बेल्टवाल्यांनी ऐका: बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप, म्हणजे पेडल हलकं ठेवणारा पंप, डायनमोच्या मागेच जोडलेला असतो. बेल्ट गेला की एक-दोन ब्रेकनंतर पेडल दगडासारखं होतं. नारायणगावचा टोमॅटो भरून वाशीला निघालेल्या पिकअपला उतारावर हे झालं तर काय, याचा विचार करा आणि मग "अजून वर्षभर" म्हणा.

आवाजाबद्दल थोडक्यात. इंजिन चालू ठेवून, हात आणि कपडे पंख्यापासून लांब ठेवून, धारांच्या बाजूला बाटलीने थोडं पाणी मारा. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, ताण कमी किंवा झीज. क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला तर एखादी पुली लाईनीत नाही, तिथं नवा बेल्ट टाकून काही होणार नाही.

आणि कृपा करून बेल्टला स्प्रे, साबण, राळ, ग्रीस काही लावू नका. गिरणीच्या पट्ट्याला राळ लावायची पद्धत जुनी आहे, तिथं चालत असेल. रिबच्या बेल्टवर ती चिकट घाण खाचांत धूळ धरून ठेवते आणि झीज वाढवते. तेलाचं तर नावच नको, ईपीडीएम तेलाने फुगतं आणि मऊ पडतं, म्हणून इंजिनची गळती आधी थांबवा, बेल्ट नंतर.

बदलण्याची पद्धत सोपी आहे. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. जुना बेल्ट कसा फिरलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढा, बॉनेटखाली स्टिकर असेल तर उत्तमच. टेन्शनरला पाना किंवा लांब दांडी लावून मागे फिरवा (कुठल्या बाजूला ते गाडीप्रमाणे बदलतं, अडलं तर जोर लावू नका, दिशा तपासा), बेल्ट काढा. आता बेल्ट नाही तोवर प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर लागली किंवा आडवी हलली तर बेअरिंग गेलंय, आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी मोकळी पुली) आणि टेन्शनर तर बेल्टच्याच वयाचे असतात. माझं मत स्पष्ट आहे, लाख किलोमीटरच्या पुढे चाललेल्या गाडीला बेल्ट बदलताना टेन्शनर बघितल्याशिवाय गाडी सोडायची नाही. पुलीच्या खाचा कोरड्या ब्रशने साफ करा, त्यात अडकलेला एक खडा नवा बेल्ट कापतो.

बसवताना खाचांच्या पुल्या आधी, गुळगुळीत गोल पुली शेवटी. स्क्रूड्रायव्हर किंवा टॉमी घालून बेल्ट पुलीवर चढवणारे बघितले की जीव तुटतो, आतल्या दोऱ्या तिथंच तुटतात आणि बेल्ट महिन्याभरात जातो, मग कंपनीला शिव्या. बसला की प्रत्येक पुलीवर कडेला बोट फिरवून बघा, एक धार बाहेर राहिली तरी तो फार टिकत नाही. इंजिन पान्याने हाताने दोन फेरे फिरवा, परत बोट फिरवा, मगच स्टार्ट.

खरेदी करताना बेल्टवरचा नंबर वाचा, "पिकअपचा द्या" म्हणू नका. ७पीके १७५० याचा अर्थ सात धारा, १७५० मिलिमीटर लांबी. सातच्या जागी सहा धारांचा देतो म्हणणाऱ्या दुकानातून बाहेर या. व्ही बेल्टवाल्यांनीही ए-४२, बी-५० छापाचे कारखान्याचे बेल्ट गाडीला टाकू नयेत, त्यांची लांबी इंचात असते, रुंदी आणि उंची पुलीला बसतेच असं नाही, गाडीसाठी मिलिमीटरमध्ये नंबर असलेला, पोटाला दाते असलेला घ्या. फेनर, काँटिटेक, गेट्स, आपल्या नागपूरचं पिक्स, नंबर बरोबर असेल तर यातला कुठलाही चालेल. आणि काढलेला रिबचा बेल्ट सीटखाली स्पेअर म्हणून ठेवणार असाल तर आधी गेज लावा, दांडी बरोबरीला बसली तर ठेवू नका.