कागदी गरम हवेचा फुगा: संच उघडण्याआधी हे वाचा

आमचा हा संच शाळांची विज्ञान मंडळे, शिबिरे आणि दिवाळी-नाताळच्या सुट्टीत मुलांच्या हाताला काही काम देऊ पाहणाऱ्या पालकांसाठी आहे. यातून १.२ मीटर व्यासाचा, आठ पाकळ्यांचा, पतंगी कागदाचा फुगा तयार होतो. गरम हवा जमिनीवरच भरायची असते, फुग्यासोबत आग वर जात नाही. पाकिटात २० × ३० इंचांचे २० ताव (१८ लागतात, दोन जादा), तोंडाच्या कड्यासाठी बांबूची पातळ कामटी, दोऱ्याचे रीळ आणि धुराड्याच्या तोंडावर बसवायची तारेची जाळी आहे. खळ, कात्री, ब्रश आणि शेगडी तुमची.

आधी वजनाचा हिशेब

फुगा उडाला नाही म्हणून येणाऱ्या बहुतेक फोनमागे दोनच कारणे निघतात: फुगा जड झालेला असतो, नाहीतर वेळ चुकलेली असते. म्हणून कात्री हातात घेण्याआधी एवढे वाचाच.

समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा साधारण १,२२५ ग्रॅम भरते. तीच हवा ८० अंशांपर्यंत तापवली की पसरते आणि एका घनमीटरात जेमतेम १,००० ग्रॅम उरते. मधले सव्वादोनशे ग्रॅम म्हणजे तुमची उचल. आपल्या फुग्यात ०.९ घनमीटर हवा मावते. पुण्याच्या उंचीवर हवा सहा-सात टक्के विरळ असते, म्हणजे तिथे थंडीतल्या सकाळी एकूण उचल सुमारे १९० ग्रॅम मिळते. फुग्याचे वजन कागद, खळ आणि कामटी धरून १०० ग्रॅमच्या आसपास जाते. हातात ९० ग्रॅम उरतात आणि फुगा झोकात वर जातो.

आता हाच फुगा एप्रिलमध्ये दुपारी, ३५ अंशांत सोडून बघा. आत तेच ८० अंश ठेवले तरी उचल १२०-१२५ ग्रॅमवर येते. आत ७० अंशच भरले, आणि घाईत तेवढेच भरले जातात, तर ती शंभराच्याही खाली. फुगा शेगडीवर डोलत राहतो आणि मुले तुमच्याकडे बघत राहतात. विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला येतो, प्रमुख पाहुणे अकरा वाजता येतात आणि तोवर ऊन चढलेले असते. शक्य असेल तर पाहुण्यांनाच साडेसातला बोलवा.

‘लहान मुलांसाठी लहान फुगा द्या’ अशीही मागणी येते. तो आम्ही ठेवत नाही. व्यास निम्मा केला की कागद एक चतुर्थांश लागतो, पण आतली हवा एक अष्टमांश होते. ६० सेंटिमीटरच्या फुग्याला थंडीतल्या सकाळीही वीस-पंचवीस ग्रॅमच उचल मिळते आणि तेवढे तर त्याच्या कागदाचेच वजन असते. मोठा फुगा सोपा, लहान अवघड.

पाकळी कापणे

प्रत्येक पाकळी १७३ सेंटिमीटर लांब. दोन पूर्ण ताव लांबीत जोडायचे (सांधा एक सेंटिमीटरचा) आणि वरच्या टोकाला साधारण २५ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा. एका तावातून असे सहा तुकडे निघतात. आठही पट्ट्या जोडून वाळल्या की लांबीत मधोमध दुमडा आणि एकावर एक रचा.

खाका जुन्या वर्तमानपत्रावर काढा, कोऱ्या तावावर थेट नको. दुमडलेल्या कडेपासून मोजायची अर्धी रुंदी अशी, सगळे आकडे सेंटिमीटरमध्ये. टोकापासून २० वर ७.७, ४० वर १४.५, ६० वर १९.८, ८० वर २२.९, ९४ वर २३.६ (हा फुग्याचा सर्वांत रुंद भाग), १२० वर २१.४, १४० वर १७, १६० वर १०.८ आणि तोंडाशी, १७३ वर, ६. खुणा हलक्या हाताने वळणदार रेषेने जोडा. चिकटवण्यासाठी सगळीकडे अर्धा सेंटिमीटर जास्त ठेवून कापा, म्हणजे उलगडल्यावर दोन्ही कडांना तेवढी पट्टी मिळते. गठ्ठ्याला चार ठिकाणी कपड्यांचे चिमटे लावले की कागद सरकत नाही.

खळ आणि चिकटवणे

दोन चमचे मैदा, एक कप पाणी, मंद आचेवर सतत ढवळत. ब्रशवरून थेंब सावकाश ओघळेल इतकी पातळ हवी. बाइंडर मंडळी खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. इथे त्याची गरज नाही, तेवढे दिवस फुगा टिकत नाही, आणि मुलांच्या हाताशी मोरचूद नकोच. पांढरा गोंद वापरायचा तर निम्मे पाणी घालून. चिकटपट्टीने सांधे जोडलेला फुगा आमच्याकडे तपासायला आणू नका, त्याचे काय झाले असेल ते आम्ही न बघता सांगू.

चिकटवण्याची रीत नीट समजून घ्या, कारण एकदा पाकळ्या फुग्यासारख्या गोल झाल्या की आत हात घालून काही दुरुस्त करता येत नाही. पहिली पाकळी दुमडलेलीच टेबलावर ठेवा. तिच्यावर दुसरी, तीही दुमडलेली, पण कड एक सेंटिमीटर आत सरकवून. म्हणजे खालच्या पाकळीची एक सेंटिमीटर पट्टी उघडी दिसेल. खालच्या पाकळीच्या दोन पदरांपैकी वरच्याच पदराच्या त्या पट्टीवर खळीचा एक पातळ हात द्या, पट्टी उलटवून दुसऱ्या पाकळीच्या खालच्या पदराच्या कडेवर बसवा आणि कापडाने दाबत टोकाकडून तोंडाकडे या. दोन पदरांमध्ये वर्तमानपत्राची पट्टी सरकवलेली असू द्या, नाहीतर खळ आरपार जाऊन चारही थर एकमेकांना चिकटतात. तिसरी पाकळी दुसरीवर, चौथी तिसरीवर, असे करत आठही. शेवटी पहिलीचा मोकळा पदर आठवीच्या मोकळ्या पदराला जोडला की फुगा बंद झाला. सांध्यात चुण्या पडल्या तर पडू द्या. चुण्यांनी काही बिघडत नाही, फटींनी बिघडते.

आठ टोके माथ्याशी कधीच नेमकी जुळत नाहीत. तिथे कागदाची बशीएवढी गोल टोपी चिकटवा. तोंडाशी कामटीचे ३० सेंटिमीटर व्यासाचे कडे बसवा आणि कागदाची कड त्यावर दुमडून चिकटवा. हे कडे गाळून वजन वाचवण्याची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. त्याच्या वजनानेच तोंड खाली राहते. ते नसेल तर फुगा वर जाताच कलंडतो आणि गरम हवा सांडून खाली येतो.

रात्रभर वाळवा. मग अंधाऱ्या खोलीत आत बॅटरी लावून बाहेरून बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे नखाएवढे ठिगळ.

भरणे

हे काम मोठ्यांचे. मुले दोरा धरतील, शेगडीजवळ जाणार नाहीत.

वारा बघायला उदबत्ती लावा. धूर कमरेपर्यंत सरळ वर गेला तर पुढे जा. वाकडा झाला तर त्या दिवशी चहा पिऊन घरी. कडुलिंबाची पाने हलत असतील तर उदबत्तीही लावू नका.

पेटत्या कोळशाच्या शेगडीवर तळ कापलेला तेलाचा डबा कापलेली बाजू खाली करून ठेवायचा, त्याला वर भोक पाडून १०-१५ सेंटिमीटर व्यासाचा, मीटर-सव्वा मीटर उंच पत्र्याचा पाइप बसवायचा आणि पाइपच्या तोंडावर आमची जाळी. जाळी ठिणग्या अडवते, ती काढू नका. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही शेगडीच्या आसपास नको. कोळशाचा वायू जीवघेणा असतो, म्हणून भरणे नेहमी मोकळ्या मैदानात, सभागृहात नाही. पाण्याची बादली आणि वाळू हाताशी. अंगात सुती कपडे.

एक जण स्टुलावर उभा राहून लांब काठीने माथा उचलून धरतो, दोघे कडे पाइपच्या तोंडाभोवती धरतात आणि कागद पत्र्याला लागू देत नाहीत. आधी फुगा लोळागोळा पडलेला असतो, मग खांदे भरतात, मग काठी आपोआप सैल होते. कडे हाताला वर ओढू लागले की सोडण्याचा मोह होतो. आणखी अर्धा मिनिट थांबा. पहिल्या ओढीला आत जेमतेम उचलण्यापुरती उष्णता असते. जास्त धूर केला तर जास्त वर जाईल असे समजून शेगडीत ओला पालाही टाकू नका. फ्रान्समध्ये जोसेफ आणि एतिएन माँगोल्फिए या भावांनी ४ जून १७८३ रोजी आनोने गावात कापड आणि कागदाचा फुगा सोडला, तेव्हा त्यांची हीच समजूत होती. धुरात काही विशेष हलका वायू असतो असे धरून ते ओले गवत आणि लोकर जाळत. कागद गिरणीवाल्या घराण्यातले असल्यामुळे कागदाचे काम मात्र त्यांना पक्के ठाऊक होते. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला व्हर्सायला एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा वर गेले, आणि २१ नोव्हेंबरला पॅरिसवरून दोन माणसे. त्यांना वर नेले ते उष्णतेने.

फुगा दोऱ्याला बांधूनच सोडा. एक-दोन मिनिटांत हवा निवते आणि तो स्वतःच खाली येतो. दोरा असेल तर पुन्हा भरता येतो आणि शेजाऱ्याच्या गच्चीवर चढावे लागत नाही. विजेच्या तारा, रस्ता किंवा विमानतळ जवळ असेल तर मैदान बदला.

आम्ही काय विकत नाही

खाली पेटता बोळा लावलेले आकाशकंदील. कोलकात्यात कालीपूजेला कागदी फानूस सोडायची जुनी हौस आहे, त्यामागचे कसबही दांडगे. पण पेटता बोळा कुठे उतरेल हे सोडणाऱ्याच्या हातात नसते. आपल्याकडे ज्या दिवसांत ते विकले जातात त्याच दिवसांत कडब्याच्या गंजी उभ्या असतात आणि ऊस वाळत आलेला असतो. मुंबईत पोलिसांनी अशा उडत्या कंदिलांवर वेळोवेळी बंदीचे आदेश काढले आहेत. मागू नका, मिळणार नाहीत.

आणि माणूस बसेल असा?

विजयपत सिंघानिया २६ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईतून उडाले आणि गरम हवेच्या फुग्याने सुमारे २१ किलोमीटर उंचीवर गेले. हे वाचलेले लोक ‘मोठा संच’ मागायला येतात. त्या फुग्याखाली हवाबंद केबिन होती. साध्या सहलीच्या, तीन-चार माणसांच्या फुग्यातही २,२०० घनमीटरच्या आसपास हवा लागते, म्हणजे आपल्या फुग्याच्या जवळजवळ अडीच हजार पट. खास विणीचे नायलॉन, प्रोपेनचा बर्नर, वेताची टोपली, हवा सोडायची झडप, आणि वर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम. बर्नर सोबत घेऊन उडणारा आजचा फुगा एड योस्ट यांनी २२ ऑक्टोबर १९६० रोजी अमेरिकेतल्या नेब्रास्कात उडवून दाखवला, तोही बरीच वर्षे त्याच कामात घालवल्यावर. ताडपत्री आणि घरच्या गॅसच्या सिलिंडरवर असले काही करू पाहणाऱ्याला आम्ही दोराही देणार नाही.

ताव फाटले तर सुटे मिळतात. रंग सांगितला तर त्याच रंगाचे देऊ. कामटी मोडली तर पाण्यात तासभर भिजवून वळवा, आणि तरीही मोडली तर दुकानात या, ती फुकट बदलून मिळते. ओल लागलेला कागद जड होतो आणि सांध्यात सुटतो. पावसाळ्यात संच घेतला असेल तर पाकीट न फोडता कपाटात वरच्या फळीवर ठेवा आणि डिसेंबरमध्ये उघडा.