हातमोजा-नियंत्रित शल्यरोबोट

सर्जनच्या हातावर बसवलेल्या संवेदकांनी बोटांची व मनगटाची हालचाल टिपून त्यानुसार रोबोटची अवजारे हलवण्याची पद्धत. ती अजून मुख्यतः प्रयोगशाळांतच आहे. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेला ‘दा विंची’ आणि त्याच्या जातीचे इतर रोबोट सर्जन कन्सोलपाशी, म्हणजे नियंत्रणाच्या मेजापाशी बसून, पकडी हाताळून चालवतो. खानापूर-निपाणीकडून बेळगावच्या दवाखान्यात आलेल्या रुग्णाला ‘रोबोटनं ऑपरेशन’ म्हटले की यंत्रच आपल्या बुद्धीने कापाकापी करणार अशी धास्ती वाटते. ती दोन्ही प्रकारांत निराधार आहे.

मोज्यात बोटांवर वाकल्यावर विद्युतरोध बदलणाऱ्या पट्ट्या असतात, मनगटावर त्वरणमापक व गायरोस्कोप. एवढ्यावर यंत्राचा हात हलवणे फारसे कठीण नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे (स्थापना १९९८) मुख्यालय असलेल्या बेळगावात सांगायलाच नको, फ्लेक्स सेन्सरचा मोजा आणि सर्व्हो मोटरींचा हात हा अभियांत्रिकीच्या मुलांचा नेहमीचा प्रोजेक्ट आहे. हात हलला तरी अवजार हलू न देणे, खरी अडचण तिथे आहे.

गायरोस्कोप कोन मोजत नाही, फिरण्याचा वेग मोजतो. वेगाची बेरीज करत कोन काढावा लागतो आणि बेरजेबरोबर बारीक चुकाही साठत जातात. हात स्थिर असताना संगणकाला तो हळूहळू वळताना दिसतो. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारागिराच्या भाषेत, डायलचा झिरो सरकतो. म्हणून जोडीला कॅमेरे लावतात, पण एक बोट दुसऱ्याआड गेले की तेही आंधळे होतात. हाताची नैसर्गिक थरथर गाळावी लागते, हालचाल लहान करावी लागते: हात तीन सेंटिमीटर, तर अवजार एक. शिवाय नाक खाजवायला हात उचलला तर? ‘दा विंची’त दर्शकातून डोके बाहेर काढले की अवजारे जागच्या जागी थांबतात, मोज्याला असा क्लच (हात आणि अवजार यांचा संबंध तोडणारी कळ) वेगळा द्यावा लागतो, बहुधा पायाखाली. अधांतरी धरलेला हात भरून येतो, ते वेगळेच.

टाक्याचा दोरा किती ताणला, हे बोटांना कळत नाही ही तक्रार कन्सोलचीही होती. २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘दा विंची ५’मध्ये ताणाची जाणीव हाताला परत देणारी अवजारे आली. मोज्यात त्यासाठी बोटांवर कंपन देणाऱ्या छोट्या मोटरी लावून पाहतात, पण कंपनावरून ताण ओळखायला सर्जनला नव्याने शिकावे लागते.